गोडी छाटणीची तारीख ठरवताना: नाशिक पट्ट्यातल्या वाइन द्राक्षांसाठी सप्टेंबरचा सल्ला

सप्टेंबर लागला की दिंडोरी-निफाडच्या बांधांवर एकच विषय असतो: घडासाठीची गोडी छाटणी कधी घ्यायची. खाण्याच्या द्राक्षाचा बागायतदार बाजाराकडे बघून उत्तर देतो. सातमाळ्याच्या पलीकडे सटाणा-कळवणला तर जुलै-ऑगस्टमध्येच अर्ली छाटण्या उरकलेल्या असतात, कारण लवकर निघालेल्या मालाला भाव असतो. वाइन द्राक्ष लावलेल्या माणसाला हा हिशेब चालत नाही. त्याचं गिऱ्हाईक एकच, वायनरी. आणि तिला मण्याचा आकार नको, चकाकी नको, तिला साखर, आम्ल आणि पीएच यांचा मेळ हवा. तो मेळ बसणं न बसणं बरंचसं एका गोष्टीवर अवलंबून असतं. घड पिकतानाचे शेवटचे तीन-चार आठवडे कॅलेंडरात कुठे पडतात? ते आठवडे आपण आत्ता, कात्री हातात घेतानाच ठरवतो.

म्हणून शेजाऱ्यानं केली म्हणून छाटणी, मजूर टोळी मिळाली म्हणून छाटणी, हे या पिकात महागात जातं. आधी आपली बाग कुठे बसली आहे ते बघा.

आपल्याकडे वेल उलटी का चालते

फ्रान्समधलं बोर्डो सुमारे ४५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. तिथे हिवाळ्यात वेलीची पानं गळतात, वेल झोपते, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडणी होते. म्हणजे घड पिकत असताना दिवस लहान होत असतात आणि हवा दिवसेंदिवस गार होत असते. साखर भरते, पण आम्ल एकदम जळून जात नाही. जगातले बहुतेक नावाजलेले वाइन प्रदेश ३० ते ५० अंशांच्या पट्ट्यात आहेत, त्यामागे मोठं कारण हेच आहे.

नाशिक २० अंशांवर. इथे वेलीला झोप लागेल असा हिवाळाच नाही. मोकळी सोडली तर ती वर्षभर हिरवी राहील आणि वेळी-अवेळी थोडी थोडी फुटत राहील. म्हणून आपण वर्षात दोनदा कात्री लावतो: एप्रिलमध्ये खरड छाटणी काडी तयार करायला, आणि आता गोडी छाटणी घड घ्यायला. ब्राझीलच्या साओ फ्रान्सिस्को खोऱ्यात, ९ अंश दक्षिणेला, ठिबकवर वर्षातून दोन पिकंही काढतात. आपल्याला ते जमत नाही, कारण मधे चार महिने मोसमी पाऊस आडवा येतो.

या सगळ्याचा परिणाम असा की आपला घड जानेवारी ते मार्चमध्ये पिकतो, दिवस मोठे होत असताना आणि ऊन चढत असताना. नाशिकला जानेवारीत दुपारचं तापमान साधारण २८-२९ अंश आणि पहाटेचं १०-११ अंश असतं. मार्चमध्ये दुपार ३५ च्या आसपास जाते. पाणी उतरल्यानंतर (म्हणजे मणी मऊ पडून पिकायला लागल्यावर) मणी श्वसनासाठी मॅलिक आम्ल वापरतो, आणि हवा जितकी तापेल तितकं ते वेगानं संपतं. टार्टारिक आम्ल त्यामानानं टिकतं, पण एकट्याच्या बळावर पीएच सावरून धरत नाही. शिवाय तापमान ३५ च्या वर गेलं की लाल जातींच्या सालीत रंग भरणं मंदावतं. ब्रिक्स (रसातल्या साखरेचं माप) २४ दाखवतो, रस मात्र सपक लागतो, अशी बाग मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात दरवर्षी बघायला मिळते.

थोडक्यात, आपल्याला दोन कुंपणांच्या मधून जायचं आहे. अलीकडे परतीचा पाऊस, पलीकडे मार्चचं ऊन. कात्री लवकर लावली तर कोवळी फूट पावसात सापडते. उशिरा लावली तर घड उन्हात पिकतो.

पावसाचा नकाशा: पश्चिमेकडून पूर्वेकडे

इगतपुरीला वर्षाला ३००० मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथून ४५ किलोमीटरवर नाशिक शहरात तो ७०० मिमीच्या आसपास येतो आणि निफाड-येवल्याकडे ५०० च्या घरात. सह्याद्रीच्या कड्यावर ढग रिकामे होतात आणि पुढे पर्जन्यछाया सुरू होते. एका जिल्ह्यात, दीड तासाच्या रस्त्यावर, तीन वेगळी हवामानं. मग सगळ्यांना एकच छाटणीची तारीख कशी चालेल?

त्र्यंबक रस्ता, गिरणारे, गंगापूर धरणाची बाजू, दिंडोरीचा पश्चिम भाग इथे पाऊस उशिरापर्यंत रेंगाळतो, सकाळी ढग खाली बसतात, पानं वाळायला दुपार होते. डावणी या बुरशीजन्य रोगाला हेच हवं असतं. या भागात सप्टेंबरच्या मध्यात छाटणी घेतली तर फवारणीचा पंप खांद्यावरून उतरत नाही. उघाडीची खात्री होईपर्यंत थांबा. ऑक्टोबरचा पहिला आठवडा इथे उशीर नाही. या भागाची जमेची बाजूही मोठी आहे. टेकड्यांमुळे थोडी उंची मिळते (दर १०० मीटरला तापमान सरासरी ०.६ अंशानं उतरतं), धरणांमुळे मार्चपर्यंत पाण्याची चिंता कमी, आणि उतारामुळे निचरा आपोआप होतो. उशिरा छाटूनही इथला घड मार्चच्या सुरुवातीला पूर्वेपेक्षा थोडा तजेलदार राहतो, असा माझा अनुभव आहे.

पूर्वेला, म्हणजे पिंपळगावच्या पुढे, निफाड, विंचूर, येवल्याकडे पाऊस लवकर आटपतो आणि छाटणी दहा-बारा दिवस आधी घेता येते. पांढऱ्या जातींना ही संधी सोडू नका. पण तिथली दुखणी दोन. एक, विहिरीचं पाणी जानेवारीनंतर कुठपर्यंत पुरेल याचा अंदाज आत्ताच घ्यावा लागतो. दुसरं, थंडी. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत कित्येकदा राज्यात सर्वांत खाली असतो, ५-६ अंशांपर्यंत आणि काही वर्षी त्याच्याही खाली. गार हवा जड असते, रात्री उतारावरून वाहत येऊन सखल भागात साचते. नदीकाठची भारी जमीन आणि बांधाभोवती दाट झाडं असतील तर ती तिथेच अडकते. असा तुकडा तुमच्याकडे असेल तर तिथल्या घडात पाणी उतरायला आठ दिवस जास्त धरा.

परतीचा पाऊस उत्तर महाराष्ट्रातून साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात जातो. जातो असं म्हणायचं, पण अरबी समुद्रात काय शिजेल सांगता येत नाही. नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आलं. २०१९ मध्ये ऑक्टोबरच्या अखेरीस सलग पाऊस लागून फुलोऱ्यातल्या बागा बसल्या. २०२३ मध्ये २६ नोव्हेंबरला निफाड भागात गारपीट झाली. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट तर तोडणीच्या तोंडावर आली होती. या चार तारखा शेजारी ठेवल्या तर कुठलाच आठवडा पूर्ण सुरक्षित नाही, हे उघड आहे. म्हणून सगळी बाग एका आठवड्यात छाटू नका. पाच एकर असेल तर तीन टप्पे करा, दोन टप्प्यांत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. वायनरीलाही माल टप्प्यानं आलेला हवाच असतो.

तारीख मागून मोजा

छाटणीपासून तोडणीपर्यंत पांढऱ्या जातींना, शेनिन ब्लांक आणि सोव्हिन्यों ब्लांकला, साधारण साडेचार महिने धरा. शिराझ, कॅबर्ने सोव्हिन्यों यांसारख्या लाल जाती पाच महिन्यांच्या आसपास घेतात. पांढरी द्राक्षं फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत आणि लाल मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत घरात यावीत, असं माझं मत आहे. त्यावरून मागे मोजलं तर पांढऱ्यांची छाटणी सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आणि लाल जातींची सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा अशी येते. पश्चिम पट्ट्यानं यात आठवडाभर पुढे सरकावं आणि उशिराची भरपाई पानांच्या व्यवस्थापनातून करावी.

आता दुसरीकडून तपासा. छाटणीनंतर दहा-बारा दिवसांत डोळे फुटतात आणि साधारण ३५ ते ४० दिवसांनी फुलोरा येतो. २० सप्टेंबरला छाटलेली बाग ऑक्टोबरच्या शेवटी फुलोऱ्यात, १० ऑक्टोबरला छाटलेली नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात. ही दोन्ही वर्तुळं कॅलेंडरवर पेनानं काढून भिंतीला लावा. पोंगा अवस्थेपासून (डोळा नुकता उमलतो तेव्हापासून) मणी सेटिंगपर्यंतचा (फुलांचे मणी धरेपर्यंतचा) काळ डावणीचा. त्या आठवड्यात मजूर, ट्रॅक्टर आणि औषध हाताशी असेल का, हा प्रश्न आज विचारायचा.

छाटणीच्या आधीची तीन कामं

पहिलं, काडी बघा. तयार काडी बाहेरून तपकिरी असते आणि आडवी कापली तर गाभाही तपकिरी दिसतो. गाभा हिरवट-पांढरा असेल तर अजून थांबा. तारखेच्या नादात कच्ची काडी छाटली तर डोळे मागे-पुढे फुटतात आणि पुढे एकाच वेलीवरच्या घडांत एकाच दिवशी १८ आणि २३ ब्रिक्स सापडतो.

दुसरं, डोळे तपासून घ्या. काडीच्या कितव्या डोळ्यात सूक्ष्म घड आहे हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. यंदा मे-जूनमध्ये, घड निर्मितीच्या काळात, ढगाळ हवा किंवा लवकर पाऊस झाला असेल तर ही तपासणी टाळूच नका. वाइनच्या बऱ्याच जातींत तळाच्या डोळ्यांतही घड असतो, त्यामुळे ओलांड्यावर (तारेवर आडव्या नेलेल्या कायम फांदीवर) आखूड छाटणी चालते. पण ते गृहीत धरू नका. प्रत्येक तुकड्यातल्या वीस-पंचवीस काड्या नेऊन दाखवा, एका कोपऱ्यातल्या नकोत.

तिसरं, खड्डा घ्या. हे काम कोणी करत नाही आणि सर्वांत जास्त कळतं ते याच्यातूनच. बागेत तीन ठिकाणी, ओळीच्या बाजूला, तीन फूट खोल खणा. वरचा थर किती, मुरूम कुठे लागतो, चुनखडीचे पांढरे खडे दिसतात का, मुळं कुठपर्यंत गेली आहेत आणि मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो का, हे वहीत लिहा.

आपली माती बेसाल्टची. उतारावर ती मुरमाड, लालसर, उथळ. सखल भागात काळी, खोल, ओली झाली की फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. खाण्याच्या द्राक्षाला काळी जमीन मानवते, वेल हिरवीगार दिसते, बघणाराही खूश होतो. वाइनला हा हिरवेपणा अडचणीचा आहे. पावसानंतरही भारी जमीन पाणी सोडत नाही, वेल शेंडा चालवत राहते, घड सावलीत अडकतात आणि साखर उशिरा भरते. मुरमाड जमिनीत पाणी निघून जातं, वेल लवकर थांबते आणि ताकद घडाकडे वळते. मणी लहान राहतो, पण सालीचं प्रमाण वाढतं, आणि लाल वाइनचा रंग-कस सालीतच असतो.

त्यामुळे छाटणीचा क्रम ठरवताना मुरमाड तुकडे आधी, काळे तुकडे नंतर. ओल्या काळ्या मातीत मुळांना हवा मिळत नाही. अशा वेळी छाटलं तर फूट कमजोर येते आणि घड जिरून त्याचं बाळीत (नुसत्या वेलतंतूत) रूपांतर होण्याचं प्रमाण वाढतं. बोदाच्या (वेलीच्या ओळीतल्या मातीच्या उंचवट्याच्या) बाजूनं चर मोकळे करून वाफसा येऊ द्या, मग कात्री. एकाच प्लॉटमध्ये अर्धी जमीन काळी आणि अर्धी मुरमाड असेल (चढावरच्या बागांत बहुतेक असतेच), तर ती दोन बागा समजा. छाटणी, पाणी, तोडणी तिन्ही वेगळी. ठिबकला एक जादा व्हॉल्व्ह बसवण्याचा खर्च पहिल्याच हंगामात वसूल होतो.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग करावंच लागतं. हिवाळ्यात न झोपलेल्या वेलीला जागं करण्याचा तो खटाटोप आहे. मात्रा लेबलवरची, पेस्टिंग छाटणीनंतर एक-दोन दिवसांत, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे सक्तीचे. आणि मजुरांना स्पष्ट सांगा: त्या दिवशी आणि त्याच्या आधी-नंतर लेबलवर सांगितलेल्या काळात दारूला हात लावायचा नाही. हे औषध अंगात गेलेलं असताना दारू पोटात गेली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, माणूस दवाखान्यात जातो. वाइनच्या बागेत हे सांगावं लागतं यावर हसा हवं तर, पण सांगा.

यंदा कलम करणाऱ्यांसाठी थोडं

ज्यांचे खुंट (ज्यावर कलम बांधायचं ती मुळाची रोपं) जानेवारी-फेब्रुवारीत लावून आता कलमाला आले आहेत, त्यांनी जात वायनरीच्या यादीवरून नाही तर जागेवरून निवडावी आणि मग वायनरीशी बोलावं. शेनिन ब्लांक उष्ण हवेतही आम्ल धरून ठेवते, म्हणून आपल्याकडे ती इतकी रुजली. पण घड घट्ट असतो, दव साचणाऱ्या सखल जागी कूज लागते. झिनफँडेलचं दुखणं तेच, वर एकाच घडात काही मणी सुकलेले आणि काही हिरवे. शिराझला मुरमाड उतार मानवतो, फक्त शेवटच्या आठवड्यात तिच्यावर रोज नजर हवी, मणी अचानक सुकायला लागतात. सोव्हिन्यों ब्लांक उंचावरच्या, गार रात्रीच्या तुकड्याला ठेवा. डॉगरिज खुंट क्षार आणि पाण्याचा ताण सोसतो, पण वेलीला फार जोम देतो. काळ्या जमिनीत वाइनसाठी तो टाळून ११०-आर सारख्या खुंटाचा विचार करा.

फुटीनंतर, घाईघाईनं

उडद्या हा भुंगेरा कोवळे डोळेच खातो, पहिल्या दहा दिवसांत संध्याकाळी बॅटरी घेऊन फिरा. पुढे डिसेंबरची कोरडी थंडी आणि ढगाळ सकाळ ही भुरीची (पानांवर-मण्यांवर पांढरी भुकटी दिसणाऱ्या बुरशी रोगाची) वेळ. गंधकाचं वेळापत्रक चुकवू नका आणि तोडणीपूर्व काळाबाबत (शेवटची फवारणी आणि तोडणी यांतल्या अंतराबाबत) वायनरीची अट लेखी घ्या.

ओळी उत्तर-दक्षिण असतील तर घडांजवळची पानं फक्त पूर्वेच्या अंगाची काढा. सकाळचं ऊन दव वाळवतं आणि सालीला रंग देतं. पश्चिमेची पानं फेब्रुवारीच्या दुपारी छत्रीचं काम करतात, ती राहू द्या.

रात्र-दिवसाच्या तापमानातल्या फरकाबद्दल एक गंमत. थॉमसन हे खाण्याचं द्राक्ष लावलेला बागायतदार याच फरकाला घाबरतो, कारण पारा घसरला की त्याच्या हिरव्या मण्यावर गुलाबी छटा येते, पिंक बेरी होते आणि निर्यातीचा माल नाकारला जातो. तीच रात्र शेजारच्या शिराझला रंग चढवते आणि आम्ल राखते. तेव्हा जानेवारीत गावभर चिंता असली तरी तुम्ही शांत झोपा. भुरीचं बघा फक्त.

खाण्याच्या द्राक्षाच्या सवयी मात्र या बागेत आणू नका. जीएच्या (जिबरेलिक आम्ल या संजीवकाच्या) द्रावणात घड बुडवून मणी फुगवणं, गर्डलिंग (खोडाची साल गोल काढणं), घडसंख्या भरमसाट धरणं, यातलं काहीच नको. शेवटच्या महिन्यात साखर भरावी म्हणून ०-०-५० या पालाश (पोटॅश) खताचे फवारे मारायची सवय तर सर्वांत वाईट. पालाश जास्त झालं की ते रसातल्या टार्टारिक आम्लाशी जुळून बसतं आणि पीएच वर जातो. वायनरीच्या प्रयोगशाळेत ते लगेच दिसतं. देठ परीक्षणात कमतरता दिसली तरच पालाश द्या, तेही जमिनीतून आणि आधी.

पाणी लाल जातींना मणी सेट झाल्यापासून पाणी उतरेपर्यंत थोडं तोडून द्या, शेंडा थांबेल इतकंच. तळाची पानं पिवळी पडेपर्यंत नाही. पांढऱ्या जातींना असा ताण नको, त्यांचा रस कडवट होतो. पाणी उतरल्यावर दोन्हींना थोडं थोडं चालू ठेवा, भरपूर पाणी एकदम सोडलं की मणी तडकतात.

तोडणीआधीचे पंधरा दिवस

बागेत घडांच्या उंचीवर सावलीत एक किमान-कमाल तापमापी टांगा आणि दोन्ही आकडे रोज वहीत लिहा. गावाच्या हवामान केंद्राचा आकडा आणि तुमच्या सखल तुकड्याचा आकडा यात तीन-चार अंशांचा फरक निघाला तर दचकू नका. पाणी उतरल्यानंतर आठवड्यातून दोनदा आणि शेवटी एक दिवसाआड नमुना घ्या: ओळीच्या दोन्ही बाजूंचे, घडाच्या वरचे-मधले-खालचे मिळून दीड-दोनशे मणी. नुसता ब्रिक्स नको, पीएचही मोजा. पांढऱ्यांना २० ते २२ ब्रिक्स आणि पीएच ३.३ च्या आत, लाल जातींना २३-२४ ब्रिक्स आणि पीएच ३.६ च्या आत, असं साधारण गणित धरून वायनरीनं दिलेल्या मर्यादेशी ताडून बघा. बी चावून बघा. तपकिरी आणि कुरकुरीत झालं असेल तर लाल जात तयार आहे.

पांढऱ्यांची तोडणी पहाटे सुरू करून नऊ-साडेनऊला थांबवा. क्रेट उन्हात ठेवू नका, झाडाखालची सावलीसुद्धा दहानंतर तापते, त्यामुळे गाडी आधी उभी करून मगच तोडायला घ्या.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यानंतर वेलीवर ठेवलेल्या घडाचा ब्रिक्स वाढताना दिसतो, तो बहुतेक वेळा मणी सुकल्यामुळे. वजन जातं आणि आम्लही जातं. दुपारचं तापमान सलग चार-पाच दिवस ३५ च्या वर गेलं, तर अर्धा ब्रिक्स कमी असला तरी वायनरीला फोन करून गाडी मागवा.